सुरनिशी आणि शोधनिबंध

वेल्ह्याच्या राजगडावर शिवछत्रपतींची राजधानी नांदत होती त्याच काळात, इ. स. १६६५ च्या मार्चात, लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू करून विद्वानांचे शोध छापून जगापुढे ठेवण्याची वहिवाट पाडली. इकडे स्वराज्याच्या दफ्तरातही लेखनाची शिस्त आकार घेत होती. राज्याभिषेकसमयी सुरनिसास सचिव हे नामाभिधान मिळाले आणि राजपत्रांतील अधिक-उणा मजकूर शुद्ध करणे, महाल-परगण्यांचे हिशेब तपासणे ही कामे त्याच्याकडे सोपविण्यात आली. राजाराममहाराजांच्या कारकिर्दीत हे पद शंकराजी नारायणांकडे आले, आणि त्यांच्याच घराण्याने पंतसचिव म्हणून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोर संस्थानचा कारभार पाहिला. पत्राचा मजकूर जेथे संपे तेथेच मोर्तब उमटे, जेणेकरून त्याखाली कोणास एक अक्षरही घुसडता येऊ नये.

कर्करोगावरील नॅनोकणांचा शोधनिबंध याच कसोशीने लिहावा लागतो. सह्याद्रीच्या रानांत वाढणाऱ्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून १९७२ साली प्रसिद्ध केले. परंतु हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्यास सूक्ष्म कणांत बसवून अर्बुदापर्यंत पोहोचविण्याचे प्रयत्न होत आले. असा निबंध लिहिणारे पुष्कळदा प्रस्तावना मागे ठेवून कृती आणि निष्पत्ती आधी लिहितात, आणि सारांश सर्वांत शेवटी. कणाचा आकार किती नॅनोमीटर, पृष्ठभागावर विद्युत्भार किती, औषध किती सामावले आणि किती तासांत किती बाहेर पडले, याची नोंद तपशीलवार द्यावी लागते. पुढे काचपात्रातील पेशींवर मोकळे औषध, औषधयुक्त कण आणि रिकामे कण हे तिन्ही स्वतंत्रपणे योजून पाहतात. कारण रिकाम्या कणांनीही पेशी मरत असतील, तर यशाचे श्रेय औषधास देता येत नाही. प्राण्यांवरील प्रयोगास नीतिसमितीची परवानगी लागते, आणि औषध अर्बुदात किती पोहोचले याबरोबरच यकृत व प्लीहेत किती अडकले, हेही सांगावे लागते.

एवढे झाल्यावर निबंध त्या विषयातील तज्ज्ञ परीक्षकांकडे जातो; ते शंका काढतात, नवे प्रयोग मागतात, आणि लेखकास प्रत्येक आक्षेपाचे मुद्देसूद उत्तर द्यावे लागते. ही तपासणी कित्येकांस जाचक वाटते. परंतु सनदेतील एका अक्षराने जसे एखाद्याचे वतन बुडू शकत असे, तसे येथे एका सैल विधानावर रुग्णाची आशा खर्ची पडते. काचपात्रातील पेशी मेल्या एवढेच सिद्ध झाले असेल, तर निबंधाने तेथेच थांबावे. पुराव्यापलीकडे लिहिलेले एक वाक्यही, ज्याच्या घरात हा रोग आहे अशा वाचकावरील अन्याय होय.