स्नोची रिकामी बाटली

दोन वर्षांपूर्वी गावचे घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत थोरल्या आत्याची फणेरपेटी सापडली. तिच्यात कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी होती, तडा गेलेला आरसा होता आणि अफगाण स्नोची काचेची रिकामी बाटली होती. बाटलीत आत्याने सुईदोरा ठेवला होता. जुन्या मासिकांतील जाहिरातींची टिपणे मी बरीच वर्षे काढत आले आहे. पण हा माल वापरलेल्या माणसाची वस्तू पहिल्यांदाच हाती आली.

आत्या सावळी. दोन स्थळांनी नकार दिल्यावर तिसऱ्या वेळी आजीने दाखवण्याचा कार्यक्रम दिवेलागणीनंतर ठेवला आणि मुंबईच्या एका नातेवाइकाकडून स्नो मागवला. लग्न जमले. हे साल १९५५.

वर्णाचे हे वेड क्रीमवाल्या कंपन्यांनी आणले, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळी ही उतरंड भाषेत आधीपासूनच होती, आणि ती मुलीच्या बाबतीत जितकी बारकाईने वापरली जाई तितकी मुलाच्या बाबतीत नाही. डाळीचे पीठ, साय, हळद हे घरगुती उपायही कांती उजळावी म्हणूनच होते. बदलले ते दुसरेच काही.

दिवाळीचे उटणे घ्या. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, गव्हलाकचोरा. पहाटेच्या अंधारात आई किंवा आजी ते आपल्या अंगाला लावते. समोर आरसा नसतो. पायाखाली कारीट फुटले, दोन तांबे कढत पाणी अंगावर पडले, की झाले. त्या वेळी आपण कसे दिसतो हे कुणाच्या मनातही नसते. थंडी तेवढी असते.

साबण आला तो आधी शंकेचा विषय होऊन. त्यात जनावराची चरबी असते म्हणून कित्येक सोवळ्या घरांत तो चालत नसे. गोदरेजने १९१८च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला, त्यामागे स्वदेशीइतकेच हेही कारण होते. पुढे १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस आल्या. त्या साबणाची जाहिरात करणाऱ्या पहिल्या भारतीय अभिनेत्री म्हणून त्यांचे नाव सांगतात. बी. ए. झालेली, मराठी रंगभूमीवरून सिनेमात गेलेली ही बाई. न्हाणीघरातल्या वडीला आता एक चेहरा मिळाला, आणि तो घरातल्या कुणाचा नव्हता.

स्नो या दोन्हींहून वेगळा. ई. एस. पाटणवाला यांनी मुंबईत अफगाण स्नो काढला तो १९१९ साली. ‘स्नो’ हे अशा क्रीमचे सर्वसाधारण नाव. स्टिअरिक आम्लाचा थोडा भाग अल्कलीने साबणासारखा करून त्यात पाणी आणि ग्लिसरीन घोटले, की बर्फासारखा पांढरा लेप तयार होतो. चोळला की दिसेनासा होतो आणि मागे पातळ थर राहतो. त्यावर पावडर नीट बसते. आपल्याकडे ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द झाला तो असा. कातडीचा रंग त्याने बदलत नाही. संध्याकाळी तोंड धुतले, की बाई पुन्हा होती तशी.

१९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणली. तिचा घाटही स्नोचाच होता; पण त्यात नायसिनामाइड हे जीवनसत्त्व आणि ऊन अडवणारे द्रव्य होते, आणि दावा होता तो कातडीच उजळण्याचा, काही आठवड्यांत. माझ्या मते खरी फट इथे पडली. स्नोचा उपयोग झाला नाही तर दोष स्नोचा. इथे नियमाने लावूनही फरक पडला नाही, तर आपणच कुठेतरी कमी पडलो असे वाटू लागते. हे मी टिपणांवरून सांगत नाही. अकरावीत मी तीन ट्यूब संपवल्या आणि रोज सकाळी खिडकीशी आरसा धरून हाताचा आणि गालाचा रंग ताडून पाहिला. त्या वर्षी मी एकाही समूहछायाचित्रात पुढच्या रांगेत उभी राहिले नाही.

सुट्टीत आत्या आली होती. तिने ट्यूब उचलून वास घेतला, म्हणाली, “स्नोच आहे की गं. रात्री धुतलं की जातं ना?”

“नाही आत्या, हे आत मुरतं.”

“मग नको बाई,” म्हणून तिने झाकण लावून ती फडताळात ठेवली.

महिला संघटनांच्या तक्रारींनंतर २००३ साली या क्रीमच्या काही जाहिराती थांबल्या. २०२० साली नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. क्रीम आहे तिथेच आहे. यंदा पुण्यात तुळशीबागेतून उटण्याचे पाकीट आणले, त्यावर आरशात पाहणाऱ्या गोऱ्या मुलीचे चित्र आहे. पूड मात्र नेहमीचीच आहे, नागरमोथा थोडा जास्त. आत्याच्या बाटलीतला सुईदोरा काढून मी उरलेली पूड तिच्यात भरून ठेवली आहे.