बायबलचे नित्यवाचन : वऱ्हाडातील परंपरा

बायबल या ख्रिस्ती धर्मग्रंथातील ठराविक भाग दररोज नेमलेल्या वेळी वाचणे, त्यावर मनन व प्रार्थना करणे आणि त्यातून उमगलेला बोध त्या दिवसाच्या आचरणात उतरविण्याचा प्रयत्न करणे, या उपासनाप्रकारास नित्यवाचन म्हणता येईल. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात त्यास ‘शास्त्रवाचन’ असे म्हणतात; कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून ते केल्यास त्यास ‘कौटुंबिक उपासना’ अशी संज्ञा आहे. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत ही प्रथा प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. तिचा इतिहास मराठी भाषांतरांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. कारण जो ग्रंथ रोज वाचावयाचा, तो रोजच्या भाषेत हवा, हा प्रश्न येथे आरंभापासून उभा राहिला.

नित्यवाचनाचा आधार खुद्द बायबलमध्येच आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना मुलांना सांगत राहावीत, असा आदेश आहे. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्यास पाण्याच्या प्रवाहाकाठच्या झाडाची उपमा दिली आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बिरुया येथील लोक ऐकलेली शिकवण खरी आहे की नाही, हे शास्त्रात दररोज शोधून पाहत, असा उल्लेख आहे. आचरणाच्या दृष्टीने मात्र याकोबाचे पत्र सर्वांत महत्त्वाचे. वचन नुसते ऐकून निघून जाणारा माणूस आरशात तोंड पाहून लगेच आपले रूप विसरणाऱ्यासारखा असतो, असे त्यात म्हटले आहे. वाचनाची सवय व आचरणाची सवय या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव या परंपरेइतकीच जुनी आहे.

मुद्रणपूर्व काळात सामान्य ख्रिस्ती मनुष्य बायबल वाचीत नसे, तर ऐकत असे. मठांतून मात्र वाचनाचा नेम होता. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत दिवसाचे काही तास वाचनासाठी राखले होते. बाराव्या शतकात दुसरा ग्विगो या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन अशी त्याची चार सोपाने सांगितली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने ग्रंथ लोकभाषेत आणला आणि मठातला नेम घरात आला. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन समाजाने प्रत्येक दिवसासाठी चिठ्ठ्या काढून निवडलेल्या वचनांची पुस्तिका १७३१ पासून छापण्यास सुरुवात केली. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट मरी मॅकचेन याने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वार्षिक वाचनाचे वेळापत्रक तयार केले. त्यात वर्षभरात जुना करार एकदा, तर नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके व १,१८९ अध्याय आहेत; म्हणजे रोज तीन ते चार अध्याय वाचल्यास वर्षभरात ग्रंथ पूर्ण होतो. नव्या कराराचे २६० अध्याय रोज एक याप्रमाणे नऊ महिन्यांच्या आत संपतात, १५० स्तोत्रे रोज पाच याप्रमाणे महिन्यात होतात आणि नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तर महिन्याच्या तारखांशीच जुळतात. एवढ्या सोप्या हिशेबामुळेच ही वेळापत्रके टिकून राहिली असावीत.

मराठीत ख्रिस्ती कथेचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण (१६१६). सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य बायबलचे भाषांतर नव्हे. पण गोमंतकात ते चर्चमधून वाचले जाई. पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांना तीच सवय नव्या आशयासाठी वापरता यावी, ही त्यामागील दृष्टी होती. गद्य भाषांतराचा आरंभ बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीने केला. मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ मध्ये व नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅरीचे साहाय्यक पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे असल्याने या भाषांतरांवर विदर्भाच्या बोलीची छाया होती. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती भाषा पश्चिम महाराष्ट्रास मानवणारी वाटली नाही व त्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ मध्ये नवा करार छापला. पुढील मराठी बायबलवर पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीचा ठसा उमटला तो तेव्हापासून. पुढे मिशन वऱ्हाडात पोहोचले, तेव्हा वऱ्हाडी शेतकऱ्याच्या हाती पडलेला ग्रंथ त्याच्या बोलीपासून दूर गेलेला होता, हा एक दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

मराठी ख्रिस्ती लेखकांपैकी बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी नव्या करारावर टीका लिहून वाचकास स्पष्टीकरणाचे साधन दिले. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्रातील प्रसंग तर सर्वश्रुत आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. हाती पेन्सिल घेऊन वाचण्याच्या आपल्या सवयीप्रमाणे त्यांनी वाचन सुरू केले आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाशी ते थांबले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास निराळा आहे. स्मृतिचित्रे या आत्मचरित्रावरून दिसते, की पतीजवळ राहू लागल्यावरही त्यांनी काही काळ सोवळे पाळले. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, हा निष्कर्ष त्यांनी ग्रंथवाचनापेक्षा रोजच्या अनुभवातून व स्वतःच्या विचारातून काढला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचनानंतर आचरण हा क्रम सर्वत्र लागू पडतोच असे नाही.

या विषयात सर्वांत मूलगामी विचार पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत. आईवडिलांच्या पश्चातही रमाबाई व त्यांचे बंधू तशीच भ्रमंती करीत राहिले. संस्कृत पाठ कानावर पडला, की अर्थ न कळताही पुण्य लाभते, अशी श्रोत्यांची समजूत त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. बायबलच्या बाबतीत तेच घडू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा केडगाव येथील मुक्तिसदनातील दुष्काळपीडित, नुकत्याच साक्षर झालेल्या मुलींना समजत नाही, हे पाहून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला व अगदी सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्याची जुळणी व छपाई मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. नवा करार १९१३ मध्ये व संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या भाषांतराची शैली रुक्ष व काही ठिकाणी ओबडधोबड आहे, हा आक्षेप खरा आहे; परंतु ते विद्वानांसाठी केलेलेच नव्हते. दळणकांडण आटोपून दिव्यापुढे बसणाऱ्या स्त्रीला दुसऱ्या कोणाच्या मदतीविना पान वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता, आणि नित्यवाचनाच्या दृष्टीने हीच खरी कसोटी आहे.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाखाली आला. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर अकोला व बडनेरा ही कापसाच्या वाहतुकीची ठाणी बनली आणि त्याच वाटेने मिशनरी व ग्रंथविक्रेते आले. एलिचपूर (सध्याचे अचलपूर) व मेळघाटात कोरकू लोकांसाठी काम करणारे मिशन, अकोला, अमरावती व खामगाव येथे अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट आणि बुलढाणा-वाशीम भागात नाझरीन मिशन अशी साधारण विभागणी झाली. आठवडी बाजारांतून एकेक शुभवर्तमान अल्प किमतीस विकले जाई. परंतु साक्षरता फार थोडी होती. त्यामुळे येथील ‘वाचन’ पुष्कळदा पाठांतर व श्रवण या स्वरूपाचे राहिले. ‘बायबलबाई’ म्हणून ओळखली जाणारी सेविका घरोघर जाऊन उतारा वाचून दाखवी व त्यातील एखादे वचन स्त्रियांकडून पाठ करवून घेई. मेळघाटातील कोरकूंची भाषा तर मराठीच नव्हे. ती मुंडा कुलातील आहे. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले.

या भूमीला नित्यपाठ नवा नव्हता. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पीठ. म्हाइंभटाने तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा जमविल्या, केसोबासाने सूत्रे निवडली आणि ती मुखोद्गत करून त्यांचे स्मरण करणे हा त्या पंथाचा आचारधर्मच झाला. शेगावच्या गजानन महाराजांच्या भक्तांत दासगणूकृत गजानन विजय ग्रंथाच्या २१ अध्यायांचे पारायण चालते. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला आणि त्यांची ग्रामगीता गावोगाव वाचली जाते. पारायणात ग्रंथ ठरल्या मुदतीत संपविण्यास महत्त्व असते. ख्रिस्ती नित्यवाचनात, निदान तत्त्वतः, थोडा भाग घेऊन तो आपल्याशी काय बोलतो हे पाहण्यास. प्रत्यक्षात मात्र वर्षभराचे वेळापत्रक हाती घेतलेला वाचक पारायणाकडेच झुकतो आणि लेवीयच्या यज्ञविधींपाशी किंवा गणनेच्या याद्यांपाशी अडखळतो.

रूढ पद्धतीत सकाळची वेळ निवडतात. लहान प्रार्थनेनंतर उतारा वाचावयाचा, मग लेखक कोणाला व कोणत्या परिस्थितीत लिहीत होता, मूळ म्हणणे काय आणि आज आपल्याकडून कोणते एक कृत्य अपेक्षित आहे, असे प्रश्न विचारावयाचे. शेवटी ते कृत्य वहीत नोंदवावयाचे. यातील पहिला प्रश्न वगळण्याची प्रवृत्ती फार आढळते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्यावा. काळ्या जमिनीत तिफणीच्या चाड्यातून मोजके बी सोडणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्यास वाटेवर व खडकावर बी पाडणारा पेरणारा निष्काळजी वाटणे स्वाभाविक आहे. त्या देशात बी मुठीने फोकून पेरीत, हे सांगितल्यावरच दृष्टांत सरळ होतो. याउलट प्रभूच्या प्रार्थनेतील ‘भाकर’ हा मराठी भाषांतरातील शब्द ज्वारीच्या या प्रदेशात कोणास समजावून द्यावा लागत नाही.

नववर्षाच्या उपासनेत चिठ्ठी काढून ‘वर्षाचे वचन’ घेण्याची प्रथाही अनेक मंडळ्यांत आहे. तिचे नाते हेर्नहूटच्या पुस्तिकेशी जोडता येते. तथापि संदर्भ तोडलेले वचन शकुनासारखे वापरले जाण्याचा धोका तीत आहे, आणि विचारी धर्मोपदेशकांनी तो दाखवूनही दिला आहे. त्याहून गंभीर उणीव सामाजिक आहे. रोज वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात ख्रिस्ताच्या ठायी सर्व एक आहेत, असे गलतीकरांस पत्रात स्पष्ट म्हटले असूनही, सोयरीक जुळविताना पूर्वाश्रमीची जात पाहण्याची रीत मराठी ख्रिस्ती समाजातून दीर्घकाळ गेली नाही. टिळकांनी अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, मिशनच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो ख्रिस्ताचे अनुयायित्व संस्थेपलीकडे जगण्यात असते, या धारणेतून.

शिक्षणाच्या बाजूने यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीचा उल्लेख केला पाहिजे; १९८३ मध्ये ती पुण्यास हलली. कॅथलिक पंथात सामान्य श्रावकांनी स्वतः बायबल वाचण्यास खरे उत्तेजन मिळाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील ‘देवशब्द’विषयक घोषणापत्राने. अमरावतीचा धर्मप्रांत त्याआधी दहा वर्षे, १९५५ मध्ये, निर्माण झाला होता. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांच्या सुबोध बायबल या भाषांतरास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. अलीकडे भ्रमणध्वनीवर मराठी बायबल वाचता व ऐकताही येते. अक्षरओळख नसलेल्या वृद्धांना त्यामुळे बायबलबाईची वाट पाहावी लागत नाही. ध्वनिमुद्रित अध्याय लावून ते ऐकत बसतात.