शिवडीची यादी, भायखळ्याची बाग

१८६१ साली भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून एक इंग्रजी पुस्तक छापून निघाले. नाव 'द बॉम्बे फ्लोरा', कर्ते निकोल अलेक्झांडर डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा हा पहिला सलग शास्त्रीय धांडोळा. त्याच सुमारास माझगावच्या माउंट इस्टेटीवर एका नव्या बागेची तयारी चालू होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली. कागदोपत्री ती व्हिक्टोरिया गार्डन, लोकांच्या तोंडी राणीची बाग आणि १९६९ पासून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ठाण्याहून आगगाडी तेव्हा नऊ वर्षे धावत होती, कल्याणहून आठ. मुलाबाळांना घेऊन भायखळ्याला उतरायचे आणि राणीची बाग पाहून यायचे, ही आपल्या ठाणे-कल्याणकडच्या घरांची रीत त्या गाडीमुळेच पडली.

एकाच वस्तीत एका बाजूला झाडांची यादी छापली जात होती आणि दुसऱ्या बाजूला झाडे लावली जात होती. या बागेचे जतन कसे करावे यावर आज वाद होतो तेव्हा बहुतेकांचे लक्ष झाडांकडे असते आणि यादी विस्मरणात गेलेली असते. खरे तर वनस्पती उद्यान आणि साधी बाग यांत फरक करते ती यादीच. वनस्पती उद्यानांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेली व्याख्याही हेच सांगते: नोंद ठेवलेला जिवंत वनस्पतींचा संग्रह, तोही अभ्यास, जतन, प्रदर्शन आणि शिक्षण यांसाठी. नोंद वगळली तर उरतात झाडे आणि बाकडी.

भायखळ्याच्या बागेचे मूळ भायखळ्यात नाही, शिवडीत आहे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० मध्ये निघाली आणि १८३५ च्या सुमारास तिने शिवडीला आपली बाग केली. ती जागा आज पाहता येते, बाग मात्र नाही. १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जमीन ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट आणि बोरीबंदरचे स्थानक उभारणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स तिथेच विसावले आहेत. शहर घडवणाऱ्यांच्या कबरी जिथे आहेत, तिथे आधी शहराची पहिली मोठी वनस्पती बाग होती.

ती बाग कशी होती हे ताडायला जवळचा पुरावा म्हणजे १८३९ चे एक पुस्तक: 'अ कॅटलॉग ऑफ द प्लँट्स ग्रोइंग इन बॉम्बे अँड इट्स व्हिसिनिटी'. कर्ते जॉन ग्रॅहम. पोटासाठी ते टपाल खात्यात होते, मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. सोसायटीच्या बागेची देखरेख हा त्यांचा दुसरा उद्योग. पुस्तकाची छपाई चालू असतानाच, मे १८३९ मध्ये, खंडाळ्याला त्यांचा मृत्यू झाला. पस्तिशीही गाठली नव्हती. उरलेला भाग त्यांचे स्नेही जोसेफ निम्मो यांनी पुरा करून पुस्तक बाहेर काढले.

हे पुस्तक वाचताना एक पथ्य पाळावे लागते. शीर्षकातला 'ग्रोइंग' हा शब्द मोघम आहे. रानात आपोआप वाढणारे आणि बागेत आणून लावलेले, दोन्ही त्यात मावतात. त्यामुळे ग्रॅहम यांच्या यादीत एखादे नाव सापडले म्हणून ते झाड मुंबईचे मूळचे ठरत नाही आणि शिवडीच्या बागेतलेही ठरत नाही. प्रत्येक नोंदीपुढची टीप पाहावी लागते. डाल्झेल आणि गिब्सन यांनी बावीस वर्षांनी हा गुंता सोडवला. रानटी वनस्पती मुख्य भागात घेतल्या आणि बाहेरून आणून लावलेल्यांसाठी शेवटी स्वतंत्र पुरवणी जोडली. त्यामुळे १८३९ आणि १८६१ ची पुस्तके शेजारी ठेवली की मुंबईच्या बागांत बाहेरचे काय काय पोचले होते याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ग्रॅहम टपालवाले, गिब्सन आणि डाल्झेल जंगल खात्यातले. पोटापाण्याचा धंदा सांभाळून त्यांनी ही नोंद ठेवली.

गिब्सन यांच्यामागे आणखी एक बाग होती. पुण्याजवळ दापोडीला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, सरकारी वनस्पती बाग निघाली आणि १८३८ पासून ती गिब्सन यांच्याकडे आली. तिथल्या झाडांची चित्रे त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात नीट जपलेली आहेत, बाग १८६५ मध्येच मोडली. तिचा वारसा १८७३ मध्ये निघालेल्या गणेशखिंडीच्या बागेकडे गेला. ती कृषी विद्यापीठाच्या ताब्यात राहिली आणि २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. १८७३ हे साल ध्यानात ठेवावे, भायखळ्यात ते पुन्हा येणार आहे.

माउंट इस्टेटीवरच्या नव्या बागेमागे दोन डॉक्टर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक जॉर्ज बर्डवुड आणि त्याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड. डॉक्टरांना बाग का हवी, याचे उत्तर त्या काळच्या वैद्यकात आहे. औषध म्हणजे बहुतांशी झाडपाला, साल, बी आणि डिंक. भाऊ दाजींनी महारोगावर वापरलेले तेल कडू कवठीच्या बियांचे होते आणि ते झाड कोकणातल्या, सह्याद्रीच्या ओल्या रानातले. बर्डवुड यांनी इलाख्यातल्या वनस्पतिजन्य मालाची यादी छापली, तीत देशी भाषांतली नावेही दिली. बाजारात गंध्याच्या दुकानी जे मिळते ते नेमके कोणत्या झाडाचे, हे ठरवायचे तर झाड डोळ्यासमोर फुलावे लागते.

याचा उत्तम दाखला धुपाचा. अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरून मुंबईत शतकानुशतके धूप उतरत होता, पण तो देणारी झाडे नेमकी किती प्रकारची, हे कोणाला नीट माहीत नव्हते. कॅप्टन प्लेफेअर यांनी सोमाली किनाऱ्यावरून जिवंत झाडे मिळवून दिली आणि ती भायखळ्याच्या बागेत लावली गेली. त्यांच्या आधारे बर्डवुड यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीसाठी लिहिलेला निबंध १८७० मध्ये छापला गेला. आपल्या साळईच्या या भाऊबंदांना त्यांनी नावे दिली: बॉस्वेलिया फ्रेरियाना, बॉस्वेलिया कार्टेरी आणि बॉस्वेलिया भाऊ-दाजियाना. पहिले गव्हर्नर फ्रियर यांचे, दुसरे अरबी किनाऱ्यावर संशोधन केलेल्या डॉ. कार्टर यांचे, तिसरे आपल्या भाऊ दाजींचे. आजच्या वर्गीकरणात तिसरे नाव स्वतंत्र जात म्हणून टिकलेले नाही. पण एक गोष्ट त्या नावाने कायमची नोंदली गेली: ही बाग एके काळी प्रयोगशाळा होती आणि तिच्या झाडांवरून लिहिलेले जगभर वाचले जात होते.

मग ती प्रयोगशाळेची फिरायची जागा कधी झाली? कागद दोन तारखा दाखवतात. १८६५ मध्ये कापसाची तेजी ओसरली, शेअरबाजार कोसळला आणि मुंबईतल्या सार्वजनिक कामांचा पैसा आटला. बागेतल्या संग्रहालयाची इमारतही त्यात अडकली. १८६२ मध्ये पायाभरणी झालेली ही वास्तू २ मे १८७२ ला खुली झाली. दुसरी तारीख १८७३. त्या वर्षी बाग चालवणाऱ्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचा कारभार संपला आणि बाग म्युनिसिपालिटीकडे आली. गणेशखिंडीत त्याच वर्षी नवी वनस्पती बाग सुरू होत होती. एक शेतकी शास्त्राच्या छायेत गेली, दुसरी नगरपालिकेच्या. माझ्या मते दोघींच्या पुढच्या वाटा इथेच फुटल्या. भायखळ्याला पुढे १८९० मध्ये शेजारची पंधरा एकर जमीन जोडून प्राणिसंग्रहालय आणले गेले आणि मूळची तेहतीस एकरांची बाग अठ्ठेचाळीस एकरांची झाली. म्युनिसिपालिटीने बाग राखली, झाडे तगवली, त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण येणारी माणसे आता वाघ-हत्ती पाहायला येत होती. झाडे पिंजऱ्यांची सावली झाली.

जुन्या यादीचा उपयोग नुसता आठवणीपुरता नाही. तिने झाडाचे वय ठरवता येते. राणीच्या बागेतल्या एखाद्या अवाढव्य पर्जन्यवृक्षाकडे पाहून 'हा फ्रियरबाईंच्या वेळचा' असे कोणी सहज म्हणेल. पण हे अमेरिकेतले झाड हिंदुस्थानात आले १८७० च्या दशकात. म्हणजे घेर कितीही असो, ते बागेच्या पहिल्या लावणीतले असू शकत नाही. खोड फसवते, कागद फसवत नाही, असे मात्र समजू नये. कागदावर नाव असले की झाड जगले असा अर्थ होत नाही. म्हणून दोन्ही लागतात: यादीतले नाव आणि मातीतले खोड. दोन्ही जुळले की मगच पुरावा.

आता अलीकडचे. बागेतल्या संग्रहालयाचे, आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे, २००३ ते २००८ दरम्यान जे जतन झाले, त्याला २००५ मध्येच युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. रंगाचे थर खरवडून मूळची नक्षी शोधली गेली आणि जे होते तेच परत आणले गेले. इमारतीचा हा मान कोणाला खटकला नाही. पण २००७ मध्ये भोवतालच्या उद्यानासाठी सुमारे ४३३ कोटींचा आराखडा पुढे आला, तेव्हा त्यात प्राणिसंग्रहालय मुख्य होते आणि झाडे अडचण होती. नागरिकांनी, वनस्पती अभ्यासकांनी आवाज उठवला, वारसा समितीने हरकती घेतल्या आणि आराखडा बदलावा लागला. त्या लढ्यातले मुख्य शस्त्र पुन्हा यादीच होती. स्वयंसेवकांनी बाग पायाखाली घालून झाडे मोजली, ओळखली: ३,२१३ झाडे, २८६ जाती. ग्रॅहम यांचे अर्धवट राहिलेले काम पावणेदोनशे वर्षांनी नागरिकांनी हाती घेतले, असे मी त्याकडे पाहतो. पुढे २०१६ मध्ये पेंग्विन आले, २०१७ मध्ये त्यांचे घर खुले झाले आणि गर्दी पुन्हा प्राण्यांकडे वळली.

त्या दोन आकड्यांपैकी महत्त्वाचा दुसरा. ३,२१३ हा सावलीचा हिशेब आहे, २८६ हा संग्रहाचा. अशा जुन्या संग्रहात कित्येक जातींचे एकेकच झाड असते. अशोक, आसूपालव पन्नासांनी असतील, त्यांतला एक वादळात पडला तर हळहळ वाटेल. पण एकुलते झाड पडले तर वहीतली ओळच खोडली जाते. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा १९७५ चा. त्यात २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायला सांगितले. तरतूद चांगली आहे. पण शंभर वर्षांच्या एका दुर्मीळ झाडाऐवजी शंभर करंज लागले तर हिशेब जुळेल, जात परत येणार नाही.

राणीच्या बागेतली उर्वशी घ्या. ब्रह्मदेशातले हे झाड त्याच्या मायभूमीच्या रानातही फार विरळ आहे. कोवळी पाने आधी तांबूस-जांभळी, मरगळल्यासारखी लोंबत असतात, मग ताठ होऊन हिरवी होतात. फुलोरा झुंबरासारखा खाली सुटलेला, लाल पाकळ्यांवर पिवळा ठिपका. शेंगा मात्र क्वचित धरतात, त्यामुळे बी गोळा करून वाफा टाकावा अशी सोय नाही. माळ्याला गुटी बांधावी लागते. बोटाएवढ्या जाडीच्या फांदीची साल दोन बोटे गोल काढायची, तिथे ओले शेवाळ किंवा माती लावून घट्ट गुंडाळायचे, ओल सुकू द्यायची नाही. मुळे दिसू लागली की खालून कापून कुंडीत. हे काम थांबत थांबत, हाताने होते. कोटींच्या निविदेत ते बसत नाही आणि बागेचे खरे जतन नेमके तेच आहे. गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. परदेशी म्हणून त्यांना दुय्यम मानायचे कारण नाही. त्यांच्यासोबत कडू कवठीसारखी आपल्या डोंगरातली झाडेही त्याच वहीत यायला हवीत, कारण बागेच्या बाहेर त्यांची जागा रोज आक्रसते आहे.

ठाण्याचा माणूस म्हणून याचे मला दुहेरी वाटते. आपल्या जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये रानातल्या झाडांची नोंद आहे. ऐन, हेद, कळंब, धावडा ही नावे आपल्या आजोबांना पुस्तक न उघडता ठाऊक होती. आता ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत नव्या बागा होतात. कोलशेतचे ग्रँड सेंट्रल पार्क २०२४ मध्ये खुले झाले, त्यात मुघल, चिनी, जपानी, मोरोक्कन अशा धाटणीचे भाग आहेत. माणसे आवडीने जातात, जावेच. पण या बागांत कोणते झाड कुठून आले, कधी लावले, कोणत्या मातृवृक्षाची गुटी, हे लिहून ठेवायला आजच सुरुवात करता येते आणि त्याला खर्च एका वहीचा आहे.

शिवडीची झाडे गेली. ती सांभाळणारा टपाल खात्यातला माणूस पुस्तक पुरे व्हायच्या आत गेला. तरी ती बाग आज आपल्याला थोडीफार दिसते, कारण छपाईची शेवटची पाने एका मित्राने निगुतीने पुरी केली. बागेतल्या उर्वशीच्या गुटीला मुळे फुटतील तेव्हा कुंडीवर तारीख आणि मूळ झाडाची खूण घालायची, एवढे जरी झाले तरी ग्रॅहम यांची यादी पुढे चालू राहील.