मोटारीच्या ‘क्लिअर कोट’वरील ओरखडे : घासावे किती, थांबावे कुठे

आजच्या बहुतेक मोटारींची तकाकी रंगाची नसते. ती रंगावर चढविलेल्या एका रंगहीन, पारदर्शक लेपाची असते. या लेपालाच ‘क्लिअर कोट’ म्हणतात. पत्र्यावर प्रथम गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि अखेरीस क्लिअर कोट, अशी थरांची रचना असते. क्लिअर कोटची जाडी साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे सामान्य मानवी केसाहूनही कमी असते. ऊन, पाऊस व धूळ यांचा पहिला मारा हाच थर झेलतो आणि रंग विटविणाऱ्या अतिनील किरणांना रोखणारे घटकही याच थरात मिसळलेले असतात.

ओरखडा पॉलिशने ‘भरून निघतो’ हा समज चुकीचा आहे. पॉलिशमधील सूक्ष्म कण ओरखड्याभोवतालचा लेप झिजवून त्याच्या तळाच्या पातळीवर आणतात. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश विखुरत नाही आणि रेघ दिसेनाशी होते. म्हणजेच प्रत्येक दुरुस्ती लेपाच्या मर्यादित साठ्यातून केलेला खर्च असते. तो भाग पुन्हा फवारून घेतल्याशिवाय हा साठा भरून येत नाही.

खोली कशी ओळखावी?

धुतलेल्या जागी ओरखड्यावर पाणी लावावे. ओल्या स्थितीत रेघ नाहीशी झाली, तर इजा बहुधा क्लिअर कोटपुरती आहे. नंतर तिच्यावरून आडवे नख हलकेच फिरवावे. नख न अडकल्यास पॉलिशचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. नख स्पष्ट अडकल्यास चरा खोल आहे. आत प्रायमर वा पत्रा दिसत असेल, तर घासण्यात अर्थ नाही. तेथे टच-अप रंग लावणे किंवा रंगकाम करून घेणे हाच मार्ग. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो. त्यामुळे असा चरा पावसाळ्यापूर्वीच बुजविलेला बरा.

दुरुस्तीचा क्रम

काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. गाडी कार-शाम्पूने धुऊन कोरडी करावी. धुऊनही पृष्ठभाग हाताला खरखरीत लागल्यास चिकटलेले कण क्ले बारने, भरपूर वंगणद्रव वापरून, काढावेत. त्यानंतर सर्वांत सौम्य पॉलिश वीतभर जागेवर वापरून पाहावे. स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसून, तिरप्या प्रकाशात परिणाम तपासावा. तेवढ्याने भागत नसेल तरच अधिक तीव्र रबिंग कंपाऊंड घ्यावे आणि त्याने पडलेल्या बारीक रेघा पुन्हा सौम्य पॉलिशने काढाव्यात. दरवाजाच्या व बॉनेटच्या कडांवर लेप पातळ असतो. तेथे मास्किंग टेप लावावी. शेवटी मेण किंवा सीलंटचा हात द्यावा.

यंत्र वापरायचे झाल्यास नवख्याने ड्युअल-अ‍ॅक्शन पॉलिशर निवडावा. एकाच अक्षावर फिरणारे रोटरी यंत्र एका जागी रेंगाळले तर उष्णता साठून लेप जळू शकतो. पॉलिश पेपरने पाण्यात घासण्याचे काम तर लेपाची जाडी मोजण्याचे उपकरण बाळगणाऱ्या कुशल कारागिरावरच सोपवावे. टूथपेस्टसारखे घरगुती उपाय टाळावेत, कारण त्यांतील कण मोटारीच्या लेपासाठी बनविलेले नसतात. मॅट रंगाची गाडी पॉलिश करूच नये. तिच्यावर कायमचे चकचकीत डाग उठतात.

मर्यादा

लेप पांढुरका पडून पापुद्रे सुटू लागले असतील, तर कोणतेही पॉलिश तो परत आणू शकत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो. काही द्रव्ये ओरखडे न झिजवता तात्पुरते बुजवितात आणि काही धुण्यांनंतर रेघा परत उमटतात. जुनी गाडी विकत घेताना हे ध्यानात ठेवावे. सिरॅमिक कोटिंगही ओरखडे नाहीसे करीत नाही. ते चढविण्यापूर्वीच पृष्ठभाग दुरुस्त करावा लागतो.

टाळता येणारी झीज

उन्हात दिसणाऱ्या जाळीदार, वर्तुळाकार रेघांचे मोठे कारण अपघात नव्हे, तर रोजची पुसणी असते. गोव्यात उन्हाळ्यात गाडीवर बसणारी जांभ्याची तांबडी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे बारीक वाळूने लेप घासणेच होय. धूळ आधी पाण्याच्या धारेने वाहू द्यावी. शाम्पूसाठी एक व फडके खळबळण्यासाठी दुसरी अशा दोन बादल्या ठेवाव्यात. पक्ष्यांची वा वटवाघळांची विष्ठा आणि झाडांचा चीक उन्हात वाळण्यापूर्वीच भिजवून उचलावा. वाळल्यावर तो लेपात खड्डे पाडतो.

जवळून, विशिष्ट प्रकाशातच दिसणारी एखादी पुसट रेघ तशीच राहू देणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो. तिच्यासाठी खर्च होणारा लेप पुढे खऱ्या चऱ्याच्या वेळी उपयोगी पडतो.