अनगडशाहांच्या दारी

दिंडीत पहिल्यांदाच आलेला एखादा पोरगा दरवर्षी हमखास विचारतो, "माउली, पालखी इथं का थांबली? हा तर दर्गा हाय." पुढचा टाळकरी टाळ न थांबवता मागं वळून सांगतो, "अनगडशा बाबा. तुकोबारायांचे दोस्त." पोरगं गप्प होतं, आणि तेवढ्यात आरती सुरू होते. शंभर वर्षांत आपल्या दिंडीत या प्रश्नाला यापेक्षा मोठं उत्तर कुणी दिलेलं आम्हाला आठवत नाही. म्हणून या ग्रंथात ते जरा सविस्तर मांडतो आहोत.

देहूतून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. पहिला मुक्काम गावातच, इनामदार वाड्यात. अष्टमीला सकाळी गाव सोडलं की पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी, आणि वाटेवरची पहिली अभंग आरती तिथंच. त्यानंतर चिंचोलीच्या पादुका आणि मग आकुर्डी. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी हा पालखी सोहळा १६८५ साली सुरू केला. म्हणजे वाट सव्वातीनशे वर्षांहून जुनी, आणि पंढरीच्या त्या वाटेवर पहिला नमस्कार एका फकिराला.

हे अनगडशाह कोण? त्यांची गोष्ट आपल्याला महिपतीबोवा ताहाराबादकरांमुळे ठाऊक आहे. बोवांनी 'भक्तलीलामृत' शके १६९६ मध्ये, म्हणजे १७७४ साली पूर्ण केलं. तुकोबांच्या वैकुंठगमनाला तोवर सव्वाशे वर्षं होत आली होती. तेव्हा ही डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची साक्ष नव्हे. कीर्तनातून, घराघरातून ऐकत आलेली कथा आहे. तरी ती कुणी सांगितली, कुणी जपली, यालाही इतिहास म्हणायला हरकत नाही.

कथा अशी, की या फकिराचं वाडगं कुठल्याच दारी भरत नसे. किती घाला, रितंच. तुकोबांची कीर्ती ऐकून तो देहूला आला. घरात काय असणार? तुकोबांच्या मुलीनं चिमूटभर पीठ घातलं आणि वाडगं भरून सांडलं. तेव्हापासून दोघांचा स्नेह जडला. दुसरी कथा रामेश्वरभटांची. तुकोबांनी शूद्र असून वेदांचा अर्थ सांगू नये म्हणून ज्यांनी वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, तेच हे रामेश्वरभट. पुण्यात नागनाथाच्या दर्शनाला आले असता अनगडशाहांच्या विहिरीत उतरून त्यांनी स्नान केलं, आणि अंगाचा दाह सुरू झाला. काही केल्या थांबेना. शेवटी तुकोबांच्या अभंगानंच तो शमला आणि भट तुकोबांचे शिष्य झाले. तुकोबांची जी आरती आपण रोज म्हणतो, ती रामेश्वरभटांच्याच नावावर आहे. दर्ग्यापुढं उभं राहून टाळ वाजवताना आम्हाला हे आठवतं: फकिराच्या पाण्यानं ज्याचं अंग पोळलं, त्याचे शब्द आपल्या तोंडी आहेत.

वारकऱ्यांच्या घरात असं एकच दार नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद घ्या. स्वतःला अविंध म्हणवून घेणारा हा माणूस विठ्ठलाचे अभंग रचत होता, आणि 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ शके १५६७ चा. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांनाही उपदेश याच चांद बोधल्यांचा, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे भागवत वाचताना आपण नाथांचं नाव घेतो, तेव्हा मागं कुठंतरी दौलताबादचा एक सूफी उभा असतो. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यात जागा दिली अशी परंपरा आहे. त्या जागेला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून अलीकडं तंटा झाला. त्यात आम्ही पडत नाही. आमची माणसं तिथं गेली तेव्हा नारळही फोडला आणि चादरीलाही हात लावला, एवढंच सांगतो.

आता आपल्या दिंडीचं. जुन्या खर्चाच्या वहीत 'देहू' या पानावर दरसाल एक ओळ सापडते: ऊद, नारळ, खडीसाखर. पहिले वीणेकरी मोडी लिपीत लिहीत, पुढं बाळबोध आली, आण्यांचे पैसे झाले, पण ओळ तीच. रिवाज असा होता, की पायताण लांब काढायचं, डोक्याला टोपी-पटका असतोच, मुजावरांना विचारून आत जायचं. नमाज चालू असली तर मृदंग गळ्यातून उतरवून खाली बसायचं. एकदा पाऊण तास बसलो होतो. पालखी पुढं गेली आणि चिंचोलीपर्यंत पळावं लागलं. त्यावरून म्हाताऱ्यांची चेष्टा अजून चालते.

मग मधल्या काळात ती ओळ वहीतून गेली. का गेली तेही लिहायला हवं. दिंडीतल्या काही तरुणांनी विषय काढला, की पालखी थांबते ती थांबू दे, आपण आत जायचं कारण नाही. मुक्कामाच्या शाळेत रात्री बैठक बसली. आवाज चढले. वीणेकरी बोवा तेव्हा नव्वदीच्या घरात, ते एवढंच म्हणाले, "मी जाणार. वीणा माझ्याबरोबर येईल. बाकीच्यांचं तुम्ही बघा." वीणेशिवाय दिंडी कशी हलणार? दिंडी आत गेली. पण दोन घरं पुढच्या वर्षी आली नाहीत. एक नंतर परत आलं, एक अजून नाही. आम्ही काय केलं, तर ऊद-नारळ नेणं चालू ठेवलं आणि वहीत लिहिणं बंद केलं. 'किरकोळ' या नावाखाली टाकलं. हे आमचं चुकलं. जायचं ते उजळ माथ्यानं जायचं, नाहीतर जायचं नाही.

याच काळात आपली चाळीसेक माणसं रेल्वेनं पंजाबात घुमानला गेली. गुरुदासपूर जिल्ह्यातलं हे गाव. नामदेवराय तिथं वीसेक वर्षं राहिले असं मानतात. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. शीख माणूस त्या ग्रंथापुढं माथा टेकतो तेव्हा आपल्या शिंप्याच्या पोराच्या शब्दांपुढंही टेकतो. हे आपल्याकडं कीर्तनात पुष्कळदा ऐकलं होतं. पण दारात उभं राहिल्यावर आधी प्रश्न पडला टोपीचा. तिथं टोपी चालत नाही, कापड बांधावं लागतं. सेवेकऱ्यानं केशरी रुमाल दिले. आमच्या म्हाताऱ्यांनी गांधी टोपी काढून बंडीच्या खिशात ठेवली आणि एकमेकांच्या डोक्याला रुमाल बांधून दिले. बायकांना काहीच अडचण नव्हती, पदर होताच.

खरी पंचाईत पुढं झाली. त्या दिवशी एकादशी, आणि ओंजळीत कडाह प्रसाद आला: गव्हाचा, तुपानं थबथबलेला. नाही म्हणावं तर प्रसादाचा अपमान, खावा तर एकादशी मोडते. एका आजीनं तो पदराच्या गाठीत बांधला आणि द्वादशीला पारणं त्यावर सोडलं. दुसऱ्या एका बोवांनी तिथंच तोंडात टाकला आणि म्हणाले, "नामदेवांच्या घरचं हाय, त्यांचं ते बघतील." दोघांवरही कुणी रागावलं नाही. लंगरात जिथं बसवतात त्या रांगेला तिकडंही पंगतच म्हणतात. शेजारी कोण बसलंय, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारलं नाही. आम्हालाही नाही.

परतीच्या गाडीत एकाला मुलाण्याचाचांची आठवण झाली, आणि मग डबाभर कुणी फारसं बोललं नाही.

मुलाणीचाचा आपल्या गावचे. दिंडीची सामानाची बैलगाडी त्यांनी वर्षानुवर्षं हाकली. (नाव छापू नका असं घरच्यांनी सांगितलं, म्हणून छापत नाही.) देहूला दर्ग्यात ते आमच्या पुढं असायचे, मुजावरांशी तेच बोलायचे. रोटीच्या घाटात दुसऱ्या दिंडीच्या गाड्यांनाही आपले बैल लावून द्यायचे. वाखरीला रिंगणात उभे राहायचे. पंढरीत चंद्रभागेचं स्नान करून महाद्वाराशी यायचे, नामदेव पायरीला डोकं टेकवायचे, बाजूला चोखोबांच्या समाधीला हात जोडायचे आणि माघारी गाडीकडं जायचे. आत कधी गेले नाहीत.

त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण "चला आत" असंही आमच्यापैकी कुणी कधी म्हटलं नाही. आम्ही त्यांच्या दर्ग्यात त्यांच्या पाठोपाठ जात होतो आणि ते आमच्या देवळाच्या दारातून परतत होते, हे आम्हाला दिसत होतं. दिसून वेगळं वाटत नव्हतं. जिथं ते थांबत, तिथंच चोखोबा थांबले. चोखोबांच्या माणसांना ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. दहा दिवस. आपले जुने वारकरी तेव्हा सगळे गुरुजींच्या बाजूचे नव्हते. आपल्या दिंडीतलेही नव्हते, असं ऐकून आहोत. दार उघडलं, पण सवय कुठं कुठं राहून गेली. चाचा वारले तेव्हा गावातल्या भजनी मंडळानं कब्रस्तानापर्यंत जाऊन टाळ वाजवला. ते चांगलं झालं, पण ते त्यांना ऐकू येण्यासारखं नव्हतं.

आता बैलगाडी नाही. पाण्याचा टँकर त्यांचा नातू चालवतो. गेल्या आषाढीला महाद्वारापाशी आम्ही त्याला पहिल्यांदा विचारलं, "येतोस का रे आत, दर्शनाला?"

"रांग किती तासांची हाय?"

"पंधरा-सोळा तास तरी."

"मग टँकर कोण भरणार?" म्हणाला, हसला, आजोबांसारखं पायरीला डोकं टेकवलं आणि गेला.

यंदा टँकरला दोन दिवसांसाठी दुसरा माणूस ठेवायचं ठरलंय. त्याची मजुरी आणि देहूचा ऊद, नारळ, खडीसाखर असा खर्च वहीत वेगवेगळ्या ओळीला, नावानिशी लिहिला आहे.