अकरा वर्षांच्या मुलाचा संगणक

आज आपण इंग्लंडमधल्या एका वर्गात डोकावणार आहोत. तिथे माध्यमिक शाळा अकराव्या वर्षी सुरू होते. त्या पहिल्या वर्षाला 'इयर सेव्हन' म्हणतात. वयाने पाहिलं तर आपली सहावी. या वर्गात संगणकाच्या तासाला काय शिकवायचं, याबद्दल त्या देशाने चाळीस वर्षांत दोनदा मत बदललं. मुलाने यंत्र वापरायला शिकायचं, की यंत्राला काय करायचं ते सांगायला, असा तो वाद.

सुरुवात १९८१ सालची. प्रत्येक माध्यमिक शाळेला एक संगणक अर्ध्या किमतीत मिळेल, अशी योजना सरकारने आणली. त्याच डिसेंबरात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' आला, आणि जानेवारी १९८२ मध्ये बीबीसीने दूरदर्शनवर संगणक शिकवणारी मालिका सुरू केली. बारा हजार यंत्रं खपतील असा अंदाज होता. शेवटी खपली पंधरा लाखांच्या आसपास!

या यंत्रात गंमत अशी, की चालू केलं की पडद्यावर दोन-तीन शब्द आणि एक लुकलुकणारी रेघ. बस्स. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. पुढे काही व्हायला हवं असेल तर बेसिक भाषेत लिहायला हवं. दहा नंबरच्या ओळीत 'प्रिंट' आणि आपलं नाव, वीस नंबरच्या ओळीत 'गोटू १०'. झालं, नाव पडदाभर धावत सुटतं, थांबायचं नावच घेत नाही. ते थांबवायचं कसं, हा पुढचा धडा. अर्थात योजनेत शाळेमागे यंत्र एकच, तेव्हा किती मुलांची बोटं कळफलकापर्यंत पोचली असतील, याचा विचार आपणच करावा.

हेच यंत्र आपल्याकडेही आलं, बरं का. १९८४ साली भारत सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात निवडक शाळांना दिलेले संगणक बीबीसी मायक्रोच होते.

पुढे कचेऱ्यांत संगणक शिरले आणि इंग्लंडमधला विषयही बदलला. नाव झालं आयसीटी. पत्र सजवायचं, तक्ता भरायचा, स्लाइड बनवायच्या. आज त्याला नावं ठेवणं सोपं आहे. आम्ही ठेवणार नाही. ज्याच्या घरी संगणक नव्हता त्या मुलाला तो तास मोलाचाच होता. पण घरोघरी संगणक आले, तरी धडे तेच राहिले.

२०११ साली एडिनबरोच्या व्याख्यानात गूगलच्या एरिक श्मिट यांनी जाहीरपणे टोचलं, की ब्रिटिश शाळांत संगणकशास्त्र सर्रास शिकवलं जात नाही याचं आपल्याला आश्चर्य वाटतं. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीचा अहवाल आला. त्या समितीचे अध्यक्ष कोण? स्टीव्ह फर्बर, म्हणजे ज्यांनी सोफी विल्सन यांच्यासोबत बीबीसी मायक्रो घडवला, तेच. सप्टेंबर २०१४ पासून आयसीटी जाऊन 'कम्प्युटिंग' आलं. माध्यमिकच्या पहिल्या तीन वर्षांत किमान दोन प्रोग्रॅमिंग भाषा, त्यातली एक तरी टाइप करून लिहायची. शिवाय द्विमान पद्धत, 'आणि-किंवा-नाही'चं तर्कशास्त्र, शोधण्याच्या आणि क्रम लावण्याच्या रीती.

२०१६ मध्ये बीबीसीने इयर सेव्हनच्या मुलांसाठी सुमारे दहा लाख 'मायक्रोबिट' फुकट वाटायला काढले. तळहाताएवढंही नाही असं हे सर्किट: दोन बटणं आणि पाच ओळींत पाच-पाच असे पंचवीस दिवे. त्यावर बदामाचा आकार काढायचा तर प्रत्येक दिव्याबद्दल ठरवावं लागतं, पेटता की विझलेला. एक की शून्य. मुलगी बदाम काढते आणि द्विमान पद्धत तिला हाताने कळते; फळ्यावर दोनाचे घात मांडून हे इतकं सहज होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण मग शिकवणार कोण? काल स्लाइड शिकवणाऱ्या बाईंनी आज पायथन शिकवायची होती. २०१७ साली रॉयल सोसायटीने पुन्हा पाहणी केली, तेव्हा शिक्षकांची तयारी हीच मोठी अडचण दिसली. आणखी एक गोष्ट दिसली. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली जेमतेम पाचातली एक. त्या परीक्षेत आयसीटीचा जो वेगळा पर्याय होता, त्याची शेवटची परीक्षा २०१८ साली झाली. ज्या मुलींना प्रोग्रॅमिंग नको होतं पण संगणक हवा होता, त्यांच्यासाठी तिथे आता दुसरं दार नव्हतं.