मूल कोणाचं आणि नवरा केवढा : उधन्यातल्या मालिकांच्या संध्याकाळी



उधन्यातल्या मराठी वस्तीवर कोणी लिहायला बसलं की तापी लाइन येते, लूमचा खडखडाट येतो, गणपती मंडळं येतात, गावाकडून येणारी भरताची वांगी येतात. हे सगळं खरंच आहे. पण संध्याकाळी साडेसात ते रात्री अकरा या वेळात आपल्या घरांत काय चालायचं, ते कोणी लिहून ठेवलेलं मला तरी दिसलं नाही. तेव्हा मालिका चालायच्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर, भाजी निवडताना, त्यांच्यावरून वाद व्हायचे. वादाचे विषय फिरून फिरून दोनच. मूल कोणाचं, आणि नवरा-बायकोच्या वयात एवढं अंतर बरं दिसतं का.

पुरुषमंडळी या गप्पांना नाक मुरडायची आणि पेपर पुढ्यात धरून सगळं ऐकायची. मीही त्यातलाच. निवृत्तीनंतर मागे वळून बघताना मला वाटतं, आपल्या घरांनी या गप्पांच्या आडून फार महत्त्वाचं काहीतरी बोलून घेतलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं. तुलसी-मिहिरला बोलायचं आणि घरातल्यांनी ऐकायचं.

आपण बहुतेक जण खानदेशातले. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत गाडी उधन्याला येते. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आपलीही तीच गत. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, बाजारात गुजराती आणि टीव्हीवर हिंदी. बारा तासांच्या पाळ्या, दहा बाय बाराची खोली, त्यात सासू, सून, दीर, पोरं. अशा घरात खासगी बोलायला जागाच नसते. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, नाहीतर मुळीच नाही.

पहिली मोठी मालिका 'हम लोग'. ती 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर सुरू झाली. तिची कल्पना मेक्सिकोतल्या मालिकांवरून घेतलेली होती. करमणुकीतून कुटुंबनियोजन आणि बायकांचं स्थान लोकांच्या गळी उतरवायचं, असा सरकारचा हेतू होता. प्रेक्षकांनी चार लाखांच्या आसपास पत्रं पाठवली. या प्रकाराला 'सोप ऑपेरा' का म्हणतात, हे आमच्या शाखेतल्या एका तरुण कारकुनाने मला विचारलं होतं. अमेरिकेत 1930 च्या सुमारास रेडिओवर दुपारी घरबसल्या बायकांसाठी रोजच्या गोष्टी सुरू झाल्या. त्यांना पैसा पुरवणारे साबण कंपन्यावाले. म्हणून साबणाचं नाव चिकटलं. तिथेही पहिल्यापासून भांडण हेच, की पाळण्यातलं बाळ नेमकं कुणाचं.

आपल्याला ते साबणवाल्यांकडून शिकायची गरज नव्हती. 2 ऑक्टोबर 1988 ला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी उधन्याचे रस्ते ओस पडायचे. आमच्या इमारतीत तेव्हा मोजके टीव्ही होते, आणि एकेका खोलीत वीस-पंचवीस माणसं. कर्णाचा भाग लागला की आज्या डोळ्यांना पदर लावायच्या. पण एकदा एक म्हातारी पटकन बोलून गेली, "त्यानं काय चुकलं? आणि तिनं तरी काय करावं? पोर होती ती." कुंतीची बाजू कुणी घेतलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

पुढे 1994 मध्ये 'शांती' आली. मंदिरा बेदीने त्यात पत्रकार रंगवली होती. आईवर अन्याय करणाऱ्या दोन बड्या माणसांच्या बंगल्यात ही मुलगी शिरते आणि आपला बाप कोण याचा हिशोब मागते. कर्ण आयुष्यभर गप्प राहिला. ही मात्र तोंडावर विचारत होती.

मग 3 जुलै 2000 ला 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. मिहिर मेला तेव्हा घराघरांत सुतक धरल्यासारखं झालं होतं. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की लेखकांना त्याला परत आणावं लागलं. परत आला तो स्मृती गेलेला, आणि मध्यंतरी त्याच्यावर उपचार करणाऱ्या मंदिराशी त्याचे संबंध जुळलेले. त्यातून मुलगा झाला. लेखकांनी मुलाचं नाव ठेवलं करण. हे नाव मुद्दाम ठेवलं असणार, असं ओट्यावर सर्वानुमते ठरलं. तुलसीने त्याला आपला म्हटलं, यावर मात्र दोन तट पडले. एक तट म्हणायचा, बाई देवमाणूस. दुसरा म्हणायचा, हेच उलटं झालं असतं तर? तुलसी दुसऱ्याचं मूल घेऊन घरी आली असती, तर मिहिरने दार उघडलं असतं का? या प्रश्नाला विराणींच्या घरात उत्तर नव्हतं. आमच्या ओट्यावरही नव्हतं.

कायद्याने याचं उत्तर फार आधी देऊन ठेवलं होतं. 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 112 सांगायचं, की वैध लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानायचं. लग्न मोडल्यावर 280 दिवसांच्या आत झालं आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसलं, तरीही तेच. त्या काळात दोघांची गाठच पडणं शक्य नव्हतं हे सिद्ध झालं, तरच अपवाद. इंग्रजांनी हे मुलाच्या डोक्यावरचा डाग टाळायला केलं. नव्या साक्ष अधिनियमातही ते जवळपास तसंच उतरलं आहे. मालिकेत रक्ताची चाचणी आली की सगळं उलगडतं. कायदा मात्र मुलासाठी सहसा ती पेटी उघडतच नाही.

आता बँकेच्या काउंटरवर येतो, कारण माझा खरा संबंध तिथला.

1999 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं आणि उधन्यातल्या केबलवर आपली भाषा आली. 'आभाळमाया' तिथलीच. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी, कॉलेजात शिकवणारी, नवरा दुसऱ्या बाईत गुंतलेला, आणि ही ताठ उभी. त्याच वर्षी 17 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात निकाल दिला होता. त्यांनी 1984 मध्ये लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचा अर्ज केला, पालक म्हणून आईची सही. अर्ज परत आला, वडिलांची सही आणा म्हणून. 1956 च्या पालकत्व कायद्यात लिहिलं होतं, नैसर्गिक पालक बाप, 'आणि त्याच्यानंतर' आई. न्यायालयाने सांगितलं, 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नाही. तो हयात असूनही लक्ष देत नसेल, तरी आई पालक. याच कायद्यात आणखी एक गोष्ट आधीपासून होती, ती फार थोड्यांना ठाऊक असते. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची पहिली पालक आईच.

2001 मध्ये आमच्या इमारतीतली एक बाई माझ्या शाखेत आली. साड्यांना टिक्की लावायचं काम घरी करायची. नवरा दुसरीकडे संसार थाटून बसलेला. कडेवर दोन वर्षांची मुलगी. मुलीच्या नावाने महिना शंभर रुपयांची आरडी काढायची होती. फॉर्मवर वडिलांचं नाव होतं, पालकाची सही होती. कारकून म्हणाला, "मिस्टरांना घेऊन या." ती माझ्या टेबलापाशी आली. तिला धीर द्यायला मी म्हटलं, "ताई, ती आभाळमायातली सुधा बघता ना तुम्ही?" ती म्हणाली, "साहेब, सुधा कॉलेजात शिकवते, तिला बोलता येतं. माझी सही चालते का, तेवढं सांगा."

चालली. खातं त्याच दिवशी उघडलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मूल कोणाचं, याचा तिच्यापुरता अर्थ एवढाच होता, की त्या मुलीसाठी सही कोण करू शकतं.

दुसरा विषय वयाचा. तोही टीव्हीने आणलेला नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' 1899 मध्ये रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या मुलीला भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, ही गोष्ट. 1929 च्या बालविवाह कायद्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की नाव या नाटकावरून पडलं. ते पडलं अजमेरच्या हरविलास सारडा यांच्यावरून. पुढे 1937 मध्ये प्रभातचा 'कुंकू' आला. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेलं लग्न मानायलाच नकार देते. 1929 च्या कायद्याने मुलीला किमान 14 आणि मुलाला 18 वर्षं ठरवली, 1978 मध्ये ती 18 आणि 21 झाली. पण दोघांत अंतर किती असावं, यावर कायदा तेव्हाही बोलला नाही, आजही बोलत नाही. ते घरांवर सोडलेलं आहे. आणि आपल्याकडे बिजवराला मुलगी देताना घरं काय बघायची, हे सांगायला नको.

आता गंमत बघा. 2012 मध्ये झी मराठीवर 'उंच माझा झोका' लागली. रमाबाई रानड्यांची गोष्ट. न्यायमूर्तींचा जन्म 1842 चा, रमाबाईंचा 1862 चा. 1873 मध्ये लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. अंतर वीस वर्षांचं. उधन्यात ती मालिका आपण हात जोडून बघितली. 2018 मध्ये त्याच वाहिनीवर 'तुला पाहते रे' आली. सुबोध भावेंचा उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातारची इशा निमकर. अंतर पुन्हा वीसच्या आसपास. आणि इथे घराघरांत भांडणं! कुणी म्हणे काय तरी थेर, कुणी म्हणे प्रेमाला वय नसतं.

आकडा एकच, मग एका ठिकाणी भक्ती आणि दुसऱ्या ठिकाणी भांडण का? मी यावर बराच विचार केला. रमाबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. न्यायमूर्ती विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण वडिलांपुढे त्यांचंही चाललं नाही. पुढे त्यांनी बायकोला शिकवलं, रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं, म्हणून आपण ते लग्न पोटात घातलं. इशाला मात्र विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. मुलगी स्वतः हो म्हणते, हेच पुष्कळांना खुपलं असावं. ती हो म्हणू शकते, म्हणजे नाहीही म्हणू शकते.

आरडीवाली ती मुलगी तोवर एकोणीस वर्षांची झाली होती. आणि नेमकं तेव्हाच तिला एक स्थळ आलं. अडतीस वर्षांचा बिजवर, स्वतःचे आठ लूम, दोन मजली घर. मामा स्थळ घेऊन आला आणि ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "टीव्हीवर बघतात ना सगळे, तिथं चालतं, मग इथं का नाही?" मुलीची आई खाली मान घालून बसली. मुलगी म्हणाली, "मामा, इशाला विचारलं होतं. मला कुणी विचारलं?"

मामा काही बोलणार, तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी बोलल्या. वय ऐंशीच्या पुढे. "मला चौदाव्या वर्षी बिजवराला दिलं. आप्पा माणूस वाईट नव्हते. पण पहिली पाच वर्षं मी त्यांना सासऱ्यासारखी भ्यायची. घरात ते आले की मी बाहेर जायची. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही." त्यांचे दोन्ही मुलगे तिथेच होते, साठीतले. दोघांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मामाने चहा घेतला आणि गेला. स्थळ परत गेलं.

पुढच्या वर्षी ती मालिका संपली. विक्रांत हा आधीच्या बायकोचा, राजनंदिनीचा, खुनी निघाला, आणि इशा म्हणजे तिचाच पुनर्जन्म. ओट्यावर मामाची भरपूर चेष्टा झाली. तिच्या जागी 'अग्गंबाई सासूबाई' लागली, सून स्वतःच्या सासूचं लग्न लावून देते ती. यावर तर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत वाद पेटला. त्यात विधुर पुरुष गप्प होते आणि विधवा बायका बोलत होत्या, एवढं मी नोंदवून ठेवलं आहे.

मालिका चांगल्या होत्या असं मी म्हणत नाही. ओढूनताणून वाढवलेल्या, मेलेल्यांना उठवणाऱ्या, घरात झोपतानाही दागिने घालणाऱ्या बायकांच्या. 'चार दिवस सासूचे' तर तीन हजारांवर भाग चालली. पण आपल्या वस्तीत ना वाचनालय होतं, ना महिला मंडळात कुणी असले विषय काढायचं. पडद्यावरच्या परक्या घराचं नाव घेऊन आपल्या घरातलं बोलायची सोय तेवढी या मालिकांनी केली.

महाराष्ट्रात आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं ठरलं आहे. आपण उधनेकर गुजरातेत, म्हणून तो नियम आपल्या पोरांना लागू नाही. पण गेल्या वर्षी ती मुलगी मला भेटली. बीकॉम झाली, एका साडीच्या पेढीत हिशोब बघते. आरडीच्या पैशांतून तिच्या पहिल्या दोन वर्षांची फी गेली होती. तिने आईचं पासबुक भरून आणलं होतं. म्हणाली, "काका, नॉमिनी म्हणून आईनं माझं नाव टाकलंय. आता माझ्या खात्याला मी तिचं टाकते."

तुमच्या घरात कोणत्या मालिकेवरून कोण काय बोलून गेलं, ते आठवत असेल तर जरूर लिहा. नावं नका घालू, गोष्ट घाला.